स्क्रूकाकांची बढती

दोन्ही कान एका रेषेत असलेला माणूस स्क्रूकाकांना अजून भेटायचा होता. एकतीस वर्षं ते चष्म्याच्या दुकानात खिडकीजवळच्या स्टुलावर बसून लोकांच्या नाकावर चष्मे बसवत होते, आणि त्यांचं ठाम मत होतं की माणूस घडवला गेला तो घाईगडबडीत. कुणाचा डावा कान वर, कुणाचा उजवा, कुणाचं नाक अर्ध्यावर वाट चुकलेलं. "सरळ माणूस नसतोच," ते म्हणायचे, "म्हणून तर काडी वाकवावी लागते."

त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, आणि ते तिथेच राहिलं होतं. बाकी सगळा रस्ता त्यांना स्क्रूकाका म्हणायचा. कुणाचं डोकं फिरलं की लोक म्हणायचे, "याचा स्क्रू ढिला झालाय, न्या काकांकडे." काकाही खिशातला बारीक पेचकस काढून, "आणा इकडे, कुठला ते दाखवा," म्हणायचे. पेचकस कायम शर्टाच्या खिशात. त्यामुळे त्यांच्या प्रत्येक शर्टाच्या खिशाला तळाशी एकाच जागी भोक असायचं आणि काकू ते एकाच पद्धतीने रफू करायच्या.

काकूही त्यांना या स्टुलावरूनच मिळाल्या होत्या. त्या तेव्हा शाळेत शिवण शिकवायच्या. चष्मा घसरतो म्हणून आल्या. उजवा कान डाव्यापेक्षा चांगला पाव इंच वर. काकांनी चष्मा बसवून दिला आणि म्हणाले, "चार दिवसांनी परत दाखवा." चार दिवसांनी दाखवला. "आठवड्याने दाखवा." आठवड्याने दाखवला. असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी त्या स्टुलासमोर बसल्या, चष्मा काढून हातात धरला आणि म्हणाल्या, "चष्मा केव्हाच बसलाय. आता तुम्हाला काय बोलायचं ते बोला." काका काही बोलू शकले नाहीत, पण ते नाहीही म्हणू शकले नाहीत. लग्न झालं.

नाही म्हणणं हा काकांचा प्रांतच नव्हता. म्हणून तर त्यांच्या खिडकीशी सकाळपासून माणसं असत. दुकान चिंचोळं, एका बाजूला वह्या-पेनांचं दुकान, दुसऱ्या बाजूला बेकरी. आत भिंतभर फ्रेमा, शेवटी नंबर काढायची अंधारी खोली आणि खिडकीशी काकांचं राज्य. एक स्टूल, एक दिवा, काड्या गरम करायचं वाळूचं भांडं आणि स्क्रूंचा चौदा कप्प्यांचा डबा. एक निवृत्त मुख्याध्यापिका आठवड्यातून एकदा नेमाने स्वतःच्या चष्म्यावर बसायच्या आणि मग चष्म्यालाच रागवायच्या. काका चष्मा सरळ करता करता विचारायचे, "बाई, गुडघे कसे आहेत?" कारण बाई चष्म्यावर बसायच्या त्या गुडघ्यांमुळेच. वाकून खुर्ची बघणं त्यांना जमत नसे. मग गुडघ्यांवर पंधरा मिनिटं जायची.

आणि मंगळवारी अकरा वाजता नकाशेवाले यायचे. हे गृहस्थ नकाशे काढायच्या कचेरीतून निवृत्त झालेले. घरात एकटे. पहिल्यांदा आले तेव्हा म्हणाले, "जरा सैल वाटतोय." काकांनी बघितलं. चष्मा ठणठणीत होता. काकांनी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. तिथे मात्र काहीतरी सैल झालं होतं. काकांनी स्क्रू पाव फेरा घट्ट केला. पुढच्या मंगळवारी नकाशेवाले म्हणाले, "आता जरा घट्ट वाटतोय." काकांनी पाव फेरा ढिला केला. सहा वर्षं हे असं चाललं होतं. तो स्क्रू एक मंगळवार पुढे, एक मंगळवार मागे, जागच्या जागी केवढा तरी प्रवास करून बसला होता, आणि तेवढ्या वेळात दोघांचं शेजारच्या कुत्र्यापासून जगाच्या कारभारापर्यंत सगळं बोलून व्हायचं.

दुकान एकट्याचं नव्हतं. कंपनीची अशी बेचाळीस दुकानं होती. मुख्य कचेरीत एकदा कुणीतरी आकडे मांडले तेव्हा लक्षात आलं की इतर दुकानांची गिऱ्हाइकं वर्षा-दोन वर्षांत दुसरीकडे जातात आणि या चिंचोळ्या दुकानाचं गिऱ्हाईक मरेपर्यंत हलत नाही. काहींची तर मुलंही इथेच येतात. झालं. कंपनीने काकांना पत्र पाठवलं. 'ग्राहकसंबंध प्रमुख' असं नवं पद निर्माण झालं आहे, पगार दुप्पट, एकोणिसाव्या मजल्यावर कंपनीचं घर, मुलाखतीला यावे.

काकांनी पत्र वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणलं आणि बुटांच्या फळीवर लपवलं. संध्याकाळी काकूंच्या हाती ते आपोआप लागलं. नवऱ्याने लपवलेली वस्तू बायकोला शोधावी लागत नाही.

काकूंनी ते उभ्या उभ्या वाचलं. डोळ्यांत पाणी आलं. "शेवटी झालं की हो!" त्या म्हणाल्या, आणि लगेच बहिणीला फोन लावला. बहिणीचा नवरा, म्हणजे काकांचे साडू, कुठल्याशा मोठ्या कंपनीत उपाध्यक्ष होते. कशाचे, ते त्यांच्या बायकोलाही नीट सांगता यायचं नाही. पण दर भेटीत ते काकांच्या खांद्यावर हात ठेवून, "काय, अजून त्याच स्टुलावर?" असं विचारायचे. काकू फोनवर म्हणत होत्या, "प्रमुख! हो, प्रमुख! एकोणिसाव्या मजल्यावर घर!"

काका भिंतीकडे बघत बसले. त्यांना वाटलं, ही बाई तीस वर्षं माझ्याबरोबर अडीच खोल्यांत राहिली, एका शब्दाने कधी बोलली नाही. आज पहिल्यांदा हिला काहीतरी हवं झालंय. कुठल्या तोंडाने नको म्हणू?

रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांना उपाय सुचला. नाही म्हणणं त्यांना कधी जमलं नव्हतं, पण नापास होणं शाळेपासून अंगवळणी होतं. मुलाखतीला जायचं आणि सरळ नापास होऊन यायचं.

काकूंनी नवा टाय आणला. तो बांधायला शेजारचे तिघं आले, आणि तिघांच्या तीन पद्धतींमुळे काकांचा गळा दोनदा आवळला गेला. बेकरीवालीने गरम पाव दिला. मुख्याध्यापिका बाईंनी, "प्रश्न नीट वाचा, मगच उत्तर द्या," असा सल्ला दिला. सगळा रस्ता शुभेच्छा देत होता आणि काका मान खाली घालून बसमध्ये चढले, जणू त्यांना कुठेतरी चोरी करायला पाठवलं होतं.

मुख्य कचेरीत काचेच्या खोलीत तिघं बसले होते. कर्मचारी विभागाच्या बाई, एक तरुण अधिकारी आणि मधोमध मोठे साहेब. मोठे साहेब सारखा नाकावरचा चष्मा वर ढकलत होते.

"पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?" तरुण अधिकाऱ्याने विचारलं.

"त्याच स्टुलावर," काका म्हणाले. पहिला गुण गेला, असं त्यांना वाटलं. पण बाईंनी कागदावर 'स्थिरता' लिहिलेलं त्यांना उलटं वाचता आलं.

"तुमचा सगळ्यात मोठा दोष?"

"मी चार मिनिटांच्या कामाला पाऊण तास लावतो."

'बारकाईने काम करतात,' बाईंनी लिहिलं.

काकांनी हुकमाचं पान काढलं. "आणि आपल्या नव्या फ्रेमा भिकार आहेत. तीन महिन्यांत काडी लोंबते."

तरुण अधिकारी दचकला. मोठ्या साहेबांनी मान वर केली आणि त्या झटक्याने त्यांचा चष्मा पुन्हा नाकाच्या शेंड्यावर आला. इथे काका नापास होणारच होते. दार चार पावलांवर होतं. पण साहेबांचा तो चष्मा पाऊण तासात बावीस वेळा घसरलेला त्यांनी मोजला होता, आणि आता त्यांच्या हातांना ते सोसेना. ते उठले, टेबलाला वळसा घालून गेले, "एक मिनिट, साहेब," म्हणत साहेबांच्या तोंडावरचा चष्मा काढला, समोरच्या चहाच्या गरम कपावर काडी धरली, अंगठ्याने दाबली, खिशातल्या पेचकसाने एक फेरा दिला आणि चष्मा परत बसवला. "डावा कान खाली आहे तुमचा," त्यांनी सांगितलं.

साहेबांनी मान डावीकडे हलवली. उजवीकडे हलवली. खाली वाकून बघितलं. चष्मा जागचा हलला नाही. आठ वर्षांत पहिल्यांदाच हलला नव्हता.

"सोमवारपासून या," साहेब म्हणाले.

काका घरी आले तेव्हा जिन्यात पायऱ्यांवर बसून सगळी बिऱ्हाडं वाट बघत होती. त्यांचा चेहरा बघून कुणीतरी म्हणालं, "जाऊ द्या काका, नोकऱ्या काय पुष्कळ मिळतात." काका म्हणाले, "मिळाली." आणि त्यांचा आवाज इतका पडलेला होता की बेकरीवालीने आधी "अरेरे" म्हटलं आणि मग टाळ्या वाजवल्या.

एकोणिसाव्या मजल्यावरचं घर सुंदर होतं. लिफ्टमध्ये आरसा होता. न्हाणीघरात तीन तऱ्हेचे नळ होते आणि त्यातला नेमका कुठला फिरवला की वरून पाणी अंगावर येतं हे कळायला काकांना आठवडा लागला, तोवर ते कपड्यांसकट दोनदा भिजले. गच्चीतून सगळं शहर दिसायचं. काका पहिल्या दिवशी कठड्याशी उभे राहिले. खाली माणसं दिसत होती, पण नाकं दिसत नव्हती. ते आत आले.

काकूंनी दुसऱ्याच दिवशी वाटीत घरची बिस्किटं घेतली आणि समोरच्या दाराची घंटी वाजवली. दार उघडलं नाही. भिंतीतून आवाज आला, "पार्सल खाली ठेवा."

"पार्सल नाही हो, मी समोर राहायला आलेय," काकूंनी भिंतीला सांगितलं.

भिंत थोडा वेळ विचारात पडली. मग म्हणाली, "ठीक आहे, खाली ठेवा."

काकूंनी बिस्किटं खाली ठेवली. संध्याकाळी वाटी धुऊन दाराशी आली, वर 'धन्यवाद' अशी चिठ्ठी. तीन महिन्यांत शेजाऱ्यांशी झालेला हा सगळ्यात मोठा संवाद. पण काकांनी विचारलं की काकू म्हणायच्या, "छान आहे की. किती शांत!" आणि काकूंनी विचारलं की काका म्हणायचे, "मजेत आहे. खुर्चीला चाकं आहेत." काकूंनी तर इमारतीच्या तलावात पोहायचा वर्ग लावला होता. रोज दुपारी जायच्या. काकांना एकच गोष्ट कळत नसे, की ही रोज पोहते आणि हिचे केस कधी ओले कसे दिसत नाहीत. पण बायकोच्या सुखात खुसपट काढू नये, म्हणून ते गप्प राहिले.

कचेरीत तर वेगळाच खेळ चालला होता. तरुण अधिकारी रोज वही घेऊन त्यांच्यासमोर बसायचा. "काका, माणसं तुमच्याकडे टिकतात कशी? पायऱ्या सांगा."

"पायऱ्या नाहीत हो. बोलायचं त्यांच्याशी."

"काय बोलायचं?"

"काहीही. आता आमच्या मुख्याध्यापिका बाई. त्यांना मी विचारायचो, गुडघे कसे आहेत."

अधिकाऱ्याने लिहून घेतलं. काकांना वाटलं, विषय संपला. पंधरा दिवसांनी बेचाळीस दुकानांत फलक लागला. गिऱ्हाईक आत येताच चार सेकंद हसावे. नंतर 'गुडघे कसे आहेत?' असे आपुलकीने विचारावे. गप्पा दोन मिनिटे दहा सेकंद.

आणि बेचाळीस दुकानांत गुडघ्यांची चौकशी सुरू झाली. एका दुकानात सहा वर्षांच्या मुलीला विचारलं, तिने फ्रॉक वर करून खरचटलेला गुडघा दाखवला आणि भोकाड पसरलं. एका पैलवानाला वाटलं, आपण परवा हरलो ते यांना कळलंय. एक बाई म्हणाल्या, "मी डोळे दाखवायला आलेय, तुम्ही गुडघे कसले बघताय?" आणि त्या नवऱ्याला घेऊन परत आल्या. तक्रारींची पत्रं काकांच्याच टेबलावर यायची, कारण संबंधांचे प्रमुख तेच. ते प्रत्येक पत्राला स्वतःच्या हाताने उत्तर लिहायचे. त्यातल्या चौघांशी चांगली ओळख झाली, तेवढाच काय तो कामातला आनंद.

मग दुकानांच्या पाहणीची पाळी आली. यादीत सातव्या नंबरवर त्यांचं स्वतःचं दुकान होतं. मंगळवार होता. काका साडेदहालाच रस्त्याच्या तोंडाशी पोचले आणि इतके भरभर चालायला लागले की टाय खांद्यावरून मागे गेला.

त्यांच्या स्टुलावर नव्या बाई होत्या. तिशीच्या, कामात वाकबगार, भिंतीवर पदविका टांगलेली. काकांना त्यांनी ओळखलं नाही. चार सेकंद हसल्या आणि म्हणाल्या, "या काका. गुडघे कसे आहेत?"

काकांना स्वतःच्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटलं. ते स्वतःची ओळख देऊन बाकावर बसले. अकरा वाजले. सव्वाअकरा झाले. साडेअकरा झाले. दार उघडलं नाही.

"मंगळवारी एक गृहस्थ येतात ना? उंच, करड्या कोटातले?"

"हो, आले होते की," बाई म्हणाल्या. "दोनदा आले. मी नीट तपासला चष्मा. अगदी उत्तम आहे. मी सांगितलं त्यांना, आजोबा, काही दोष नाही, आता वर्षभर यायची गरज नाही." त्यांना वाटलं होतं आपण चांगलंच सांगितलं, आणि त्यात खोटं काही नव्हतंही.

काका उठलेच.

नकाशेवाल्यांचं घर दोन गल्ल्या सोडून होतं. सहा वर्षांत काका तिथे कधी गेले नव्हते. दार नकाशेवाल्यांनीच उघडलं. डोळे बारीक करून त्यांनी समोरच्या टायकडे बघितलं आणि म्हणाले, "मला विमा नको."

"अहो, मी आहे."

"कोण मी?"

काकांनी खिशातला पेचकस काढून त्यांच्या नाकासमोर धरला. नकाशेवाल्यांनी तो हातात घेऊन चाचपला आणि त्यांचा चेहरा उजळला. मग त्यांना आठवलं की आपण रागावलेलो आहोत. "आता उगवलात होय? ती काय म्हणाली ठाऊक आहे? चष्मा उत्तम आहे म्हणाली! माझ्या तोंडावर!"

"मग? चष्मा कुठाय?"

नकाशेवाले खोकले. त्यांनी टेबलाकडे बोट केलं. तिथे रुमालावर चष्म्याचे चार तुकडे मांडले होते. "म्हटलं, जरासा बिघडवावा. म्हणजे जायला कारण होईल. काडी थोडी वाकवायला गेलो. ती तुटली. ती चिकटवायला गेलो तर काच निघाली. काच शोधायला गेलो तर तिच्यावरच पाय."

"कधी झालं हे?"

"गेल्या बुधवारी."

"म्हणजे सहा दिवस तुम्ही असेच?"

"दिसतं की अंदाजाने. बसा, चहा करतो."

चहा आला. काकांनी एक घोट घेतला आणि कसाबसा गिळला. चहात मीठ होतं.

"साखर कमी झाली का?" नकाशेवाल्यांनी विचारलं.

"छे, छे. पुरेशी आहे," काका म्हणाले आणि सगळा कप संपवला, कारण नाही म्हणण्याची सवय नव्हती. पण नकाशेवाल्यांनी स्वतः एक घोट घेतला, थबकले, काकांच्या रिकाम्या कपाकडे अंदाजाने बघितलं आणि हसायला लागले. मग काकाही हसले. दोघंही इतके हसले की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं, आणि सहा वर्षं ज्या कुत्र्याबद्दल ऐकलं होतं त्याचा आवाज काकांनी पहिल्यांदा ऐकला. आवाज वर्णनापेक्षा बराच बारीक होता.

कपाटात नकाशेवाल्यांचा एक जुना चष्मा होता. काकांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून त्याची काडी गॅसवर शेकली, वाकवली, स्क्रू बदलला. नकाशेवाल्यांनी तो घातला आणि खोलीभर बघितलं. "बराच केर साचलाय," ते म्हणाले. काकांनी टाय सैल करून झाडू घेतला. जुन्या मंगळवारांसारखं दीड तास बोलणं झालं. निघताना नकाशेवाले दारात म्हणाले, "तुमच्या हाताखाली किती माणसं आहेत आता?"

"बेचाळीस दुकानं."

"मी माणसं विचारली."

काकांनी सैल केलेला टाय पुन्हा आवळला.

दुपार उलटली होती. काका बसथांब्याकडे निघाले आणि कोपऱ्यावर थांबले. थांब्याच्या बाकावर काकू बसल्या होत्या. हातात पिशवी, पिशवीतून पावाची टोकं बाहेर, आणि बाजूला बसलेल्या बेकरीवालीच्या मांडीवर हात ठेवून त्या काहीतरी सांगत होत्या. बेकरीवाली हसून हसून वाकली होती. काकूंनी मान वर केली. नवराबायकोची नजरानजर झाली. बेकरीवालीने दोघांकडे आळीपाळीने बघितलं, "भट्टीवर काहीतरी ठेवलंय," असं म्हणाली आणि निघून गेली.

"तुम्ही इथे?" काकू म्हणाल्या.

"पाहणीला आलो होतो. कंपनीचं काम." काका म्हणाले. "तू इथे? पोहणं?"

"आज तलावात पाणी नव्हतं."

"कधीपासून नाहीये?"

काकू म्हणाल्या, "तीन महिने."

काका बाकावर बसले. एक बस आली आणि गेली.

"रोज येतेस?"

"रविवार सोडून. दोन बस बदलते. आपल्या जुन्या जिन्यात बसतो आम्ही सगळ्या. एक वाजता येते, चारला निघते, तुम्ही यायच्या आत घरी." काकूंनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. "तुम्हाला सांगितलं नाही. म्हटलं, माणसाला एकतीस वर्षांनी वर चढायला मिळालंय. इतकी वर्षं तुमच्या साडूंचं बोलणं ऐकून घेतलं. मी काय म्हणून रडगाणं लावू?"

"मला कुठे चढायचं होतं?"

"म्हणजे?"

"तुझ्या डोळ्यांत पाणी आलं ना, पत्र वाचून."

"अहो, जिना सोडावा लागणार म्हणून आलं ते! फोन केला तो तुम्हाला बरं वाटावं म्हणून!"

"मी तर नापास व्हायला गेलो होतो," काका म्हणाले.

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. "तेही धड जमलं नाही तुम्हाला," त्या म्हणाल्या, आणि मग दोघांचीही अशी अवस्था झाली की पुढची बस थांबली, ड्रायव्हरने दार उघडलं, ही दोघं हसताहेत की रडताहेत ते त्याला कळेना, आणि त्याने दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी काका मोठ्या साहेबांच्या खोलीत गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा सरळ म्हणाले, "साहेब, नको मला हे." तोंडातून शब्द बाहेर पडला तेव्हा त्यांना वाटलं छत खाली येईल. छत जागेवर राहिलं.

साहेब म्हणाले, "लोक या खुर्चीसाठी एकमेकांचे पाय ओढतात."

"त्यातल्याच कुणाला तरी द्या. मला स्टूल द्या."

"आणि बेचाळीस दुकानांत तुमच्यासारखं काम कसं व्हायचं?"

"बेचाळीस स्टुलं ठेवा. प्रत्येकावर एकेक माणूस तीस वर्षं बसू द्या. मधे उचलू नका."

"याहून जवळचा रस्ता?"

"नाही," काका म्हणाले. दुसरं नाही पहिल्यापेक्षा सोपं गेलं.

साहेबांनी सुस्कारा टाकून त्यांना कर्मचारी विभागाच्या बाईंकडे पाठवलं. तिथे वेगळीच अडचण निघाली. "वर जायचा अर्ज आहे," बाई म्हणाल्या. "कंपनी सोडायचा अर्ज आहे. खाली यायचा अर्जच नाही. खाली फक्त शिक्षा म्हणून पाठवता येतं. तुम्ही काही गुन्हा केलाय का?"

काकांनी विचार केला. "काल कामाच्या वेळेत परस्पर एका गिऱ्हाइकाच्या घरी गेलो."

"परवानगी?"

"नाही."

"काय केलंत तिथे?"

"दीड तास गप्पा मारल्या. चहा प्यालो. केर काढला."

"कंपनीचा टाय घालून?"

"हो."

"मग झालं की काम!" बाई खुलल्या आणि भराभर लिहायला लागल्या. अशा रीतीने गंभीर गैरवर्तनाबद्दल स्क्रूकाकांची पदावनती झाली. पगार निम्मा. साडूंना हे कळलं तेव्हा त्यांनी सांत्वनाला फोन केला. काकूंनी तो घेतला आणि म्हणाल्या, "हो, काढूनच टाकलं बघा वरून. गुन्हाच तसा केला यांनी." हे सांगताना त्यांचा आवाज इतका ताठ होता की साडूंना अभिनंदन करावं की काय, असं वाटून गेलं.

दुकानात आता दोन स्टुलं झाली. नव्या बाईंना काकांनी हलवू दिलं नाही. नंबर काढण्यात त्यांचा हात काकांहून तयार होता, हे काकांनी पहिल्याच दिवशी कबूल केलं. नकाशेवाल्यांचा नवा चष्मा बाईंनीच केला. तो देताना त्यांनी तो दोनदा तपासला, काकांकडे एक चोरटा कटाक्ष टाकला आणि म्हणाल्या, "आजोबा, चष्मा चांगला आहे. पण मंगळवारी एकदा दाखवून जा. नवा आहे, काय सांगावं."

फक्त जुनं घर परत मिळालं नाही. तिथे एक तरुण जोडपं राहायला आलं होतं आणि जिन्यातल्या बायकांनी त्यांना केव्हाच आपलंसं केलं होतं, त्यामुळे त्यांना उठवा असं म्हणायची सोय नव्हती. त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या रिकाम्या होत्या. अडीचच्या दोन झाल्या. लिफ्ट नाही. सामान चढवायला सगळी इमारत लोटली, आणि तिथेच घोटाळा झाला, कारण उचलणारे सहा होते आणि सांगणारे अकरा. लोखंडी कपाट दुसऱ्या मजल्याच्या वळणावर आलं तेव्हा वरचे "डावीकडे" म्हणाले, खालचे "उजवीकडे" म्हणाले, आणि कपाट दोघांचंही ऐकून मधोमध अडकलं. ते वर जाईना, खाली येईना.

दोन दिवस ते तिथेच होतं. मुख्याध्यापिका बाई भेटायला आल्या आणि वाकता येत नाही म्हणून कपाटाच्या अलीकडेच खुर्ची टाकून बसल्या. बाकीचे खालून सरपटत ये-जा करत होते. वरच्या मजल्यावरची माणसं, जी एरवी नुसती मान हलवून जायची, ती आता सरपटताना काकांच्या हाताला धरून उठायची आणि मग दोन शब्द बोलल्याशिवाय पुढे जाणं बरं दिसत नसे. काकूंनी तिथेच कपाट उघडून त्यातून धुतलेली चादर काढली, ती पायऱ्यांवर अंथरली आणि खालून चहा मागवला.

तिसऱ्या दिवशी सुताराला बोलावलं. त्याने सगळीकडून बघितलं आणि म्हणाला, "कठडा कापला की पाच मिनिटांत निघेल. कापू?"

जिन्यात बसलेल्या सगळ्यांनी काकूंकडे बघितलं. काकूंनी काकांकडे बघितलं.

"घाई काय आहे," काका म्हणाले. "आधी चहा घ्या."